लाईट गेली की यूपीएस टूं टूं करून झोपतो, मोठा घेऊ का?

पत्र कोकणातल्या एका तालुक्याच्या गावातल्या ताईंचं आहे, नाव-गाव देत नाही. राहत्या घराच्या पडवीत त्या ऑनलाइन फॉर्म भरणं, मराठी टायपिंग, प्रिंटा काढून देणं अशी कामं करतात. एक डेस्कटॉप, लेझर प्रिंटर, स्कॅनर आणि वायफायचा राउटर एवढा पसारा. सव्वा वर्षापूर्वी ६०० व्हीएचा यूपीएस घेतला, तो आता लाईट गेली की दोनदा टूं टूं करतो आणि सगळंच बंद पडतं. जूनमध्ये एका मुलीचा प्रवेशाचा फॉर्म शेवटच्या दिवशी संध्याकाळी भरताना असंच झालं, फॉर्म राहिला, मुलीचे वडील चार लोकांत नको ते बोलून गेले. आता दुकानदार म्हणतो २ केव्हीएचा, म्हणजे २००० व्हीएचा घ्या, चार तास बघायला नको. गावचा वायरमन म्हणतो आहे तोच राहू दे, बाहेरून गाडीची बॅटरी जोडून देतो, निम्म्या पैशात काम. पुण्यातला भाचा म्हणतो मावशी लॅपटॉप घे, विषय संपव. यजमान म्हणतात घेऊ तर सगळ्या घराला इन्व्हर्टरच घेऊ, पण यंदा नाही, यंदा छपराचं काम आहे. जाता जाता ताईंनी असंही लिहिलंय की प्रिंटर यूपीएसवरच जोडलाय, यूपीएसला धूळ लागू नये म्हणून तो टेबलाखालच्या कपाटात दार लावून ठेवलाय, रात्री सासूबाई सगळी बटणं बंद करतात म्हणून बिल तरी आटोक्यात आहे, आणि अनवाणी असताना कॉम्प्युटरच्या डब्याला हात लागला तर झिणझिण्या येतात, "पण ते पहिल्यापासूनच आहे". प्रश्न एवढाच, की किती मोठा यूपीएस घेऊ?

---

ताई, यूपीएसचं नंतर बघू, आधी त्या झिणझिण्यांचं बोलूया, कारण तुम्ही ते ताजा कलम टाकावा तसं शेवटी टाकलंय आणि मला मात्र अख्ख्या पत्रात तेवढंच वाचून धस्स झालं.

कॉम्प्युटरच्या मागे जिथे पॉवरची केबल लागते तो आतल्या सगळ्याला वीज पुरवणारा भाग म्हणजे एसएमपीएस. त्यात एक फिल्टर असतो आणि त्यातले बारके कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याच्या कॅबिनेटला जोडलेले असतात, ही काही चूक नाही, बनवतानाच तसं केलेलं असतं. अर्थिंग नीट असलं की तिकडून येणारा किरकोळ करंट गुपचूप जमिनीत जातो आणि कोणाला कळतही नाही. अर्थिंग नसलं की ते कॅबिनेट, म्हणजे तुमचा डबा, अधांतरी राहतो आणि त्याच्यावर साधारण निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, येऊन बसतं. करंट अगदी थोडा असतो म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण त्याचा अर्थ असा की तुमच्या सॉकेटच्या वरच्या जाड भोकातून निघालेली हिरवी वायर पुढे कुठेच पोचत नाहीये, आणि उद्या आतली एखादी वायर घासून खरोखर पत्र्याला लागली की तेव्हा झिणझिण्या येणार नाहीत, शॉक बसेल. "पहिल्यापासूनच आहे" म्हणजे पहिल्यापासूनच धोका आहे एवढंच.

कोकणात हे फार आढळतं. जांभ्या दगडात अर्थिंग मुळातच चांगलं लागत नाही, पावसाळ्यात जरा बरं असतं आणि एप्रिल-मेमध्ये जमीन सुकली की ढिम्म. म्हणून वायरमनला बोलावा, पण बॅटरी जोडायला नाही, व्होल्ट मोजायचा मीटर घेऊन. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास यायला हवेत, फेज आणि अर्थिंगमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल ते अर्थिंग दोन-तीन व्होल्टच्या आत. तसं नसेल तर अर्थिंगचा खड्डा बघायला लागेल, नवा करायला लागेल, उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायची सवय ठेवायला लागेल. आणि एक गोष्ट त्याला आधीच बजावून सांगा, सॉकेटच्या आत अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून "झालं तुमचं काम" म्हणायचं नाही. असं करणारे आहेत, मी स्वतः बघितलेत. मीटरवर आकडे एकदम झकास येतात, झिणझिण्याही जातात, आणि एखाद्या वादळात बाहेर न्यूट्रल तुटला की तुमच्या कॉम्प्युटरचा डबा सरळ फेजवर. शिवाय मेन बोर्डात ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट भलतीकडे गळायला लागला की लाईट तोडणारा स्विच, नसेल तर तोही बसवून घ्या, हा खर्च यूपीएसच्या आधीचा.

आता तुमच्या यूपीएसला काय झालंय ते. माझा अंदाज असा की त्याला काहीही झालेलं नाही, त्यातली बॅटरी मेलीय, आणि ती मारण्यात तुमच्या घरातल्या दोन चांगल्या सवयींचा हात आहे.

पहिली सासूबाईंची. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट ७ एएचची (एएच म्हणजे बॅटरीत किती साठतं त्याचं माप) एक सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते, विटेपेक्षा थोडी लहान. ती रिकामी झाली की पूर्ण भरायला सहा-आठ तास लागतात, कारण आतला चार्जर बारका असतो. तुमचं काम सकाळी दहा ते संध्याकाळी पाच-सहा, त्यात मध्ये दोनदा लाईट जाणार म्हणजे ती दोनदा रिकामी होणार, आणि भरायला लागली न लागली तोच रात्री भिंतीवरचं बटण बंद. म्हणजे ती सव्वा वर्ष अर्धपोटीच राहिलीय. लेड-ॲसिड बॅटरी अर्धी भरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आत प्लेटांवर सल्फेटचे खडे बसतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत, मग वरून बॅटरी पूर्ण चार्ज दिसते आणि लोड आला की दोन मिनिटांत बसते. तुमचं वर्णन हुबेहूब तेच आहे. तेव्हा संध्याकाळी यूपीएसचं स्वतःचं बटण बंद करा पण भिंतीवरचं चालू ठेवा, बहुतेक यूपीएस तसेही चार्ज होत राहतात (तुमचा होतो का ते त्याच्या माहितीपत्रकात बघा).

सासूबाईंना बिलाचा हिशोब असा सांगा: यूपीएस नुसता चार्जिंगला पाच-सात वॅट खातो असं धरा, रात्रीचे चौदा तास, महिन्याचे तीस दिवस, म्हणजे झाले तीन युनिट. तीस-चाळीस रुपयांचा मामला. नवी बॅटरी हजार रुपयांच्या घरात. मात्र मे-जूनमध्ये वळीव गडगडायला लागला किंवा परतीच्या पावसात विजा सुरू झाल्या की सासूबाईंचंच बरोबर, उलट त्यांच्याही पुढे जायचं, नुसतं बटण बंद करून उपयोग नाही, प्लगच काढायचा आणि राउटरला येणारी केबलही काढायची, कारण तीही बाहेरून खांबावरूनच येते. यूपीएसमध्ये सर्ज प्रोटेक्शन असतं असं पुठ्ठ्यावर छापलेलं असलं तरी ते लहानसहान झटक्यांसाठी, जवळ पडलेल्या विजेपुढे त्याचं काही चालत नाही.

दुसरी चांगली सवय म्हणजे ते कपाट. ह्या बॅटऱ्यांचं आयुष्य २५ डिग्री धरून सांगितलेलं असतं आणि त्याच्यावर दर दहा डिग्रीला आयुष्य साधारण निम्मं होतं. बंद कपाटात कोकणातल्या मे महिन्यात काय तापमान असेल ते तुम्हीच सांगा. हे मी शहाणपणा करत नाही, मी स्वतः हाच उद्योग केलाय. माझा पहिला यूपीएस मी पुस्तकांच्या कपाटाच्या खालच्या खणात दार लावून ठेवला होता, आवाज नको आणि वायरी दिसायला नकोत म्हणून. दोन वर्षांनी बॅटरी बदलायला उघडला तर ती चारही बाजूंनी अशी फुगलेली की पत्र्याच्या चौकटीतून बाहेरच येईना, मी मूर्खासारखा स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायला बसलो आणि त्याचं टोक दोन्ही टर्मिनलना लागलं. एवढी मोठी निळी ठिणगी उडाली, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला खळगा पडला, तो मी अजून ठेवलाय. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं, पण शॉर्ट झाली तर एवढीशी बॅटरीसुद्धा शेकडो अँपिअर सोडते आणि तेवढ्यात बांगडी किंवा अंगठी मध्ये आली तर ती लाल होते. म्हणून बॅटरीला हात लावणारा कोणीही असो, बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढून. फुगलेली बॅटरी असेल तर आपण करायचंच नाही, यूपीएस उचलून दुकानात न्यायचा.

तर तो कपाटातून बाहेर काढा. जमिनीला ओल येत असेल तर खाली लाकडाची फळी किंवा दोन विटा, सगळ्या बाजूंनी वीतभर मोकळी जागा, वर कापड नको, कागदांचा गठ्ठा नको. धूळ बसली तर आठवड्याने पुसता येते. पाली आणि मुंग्या यांचा काय तो बंदोबस्त करा, कोकणात यूपीएस जळायला पाल हे एक स्वतंत्र कारण आहे.

आणि तो लेझर प्रिंटर आजच्या आज काढा तिथून. लेझर प्रिंटरमध्ये शाई कागदावर चिकटवायला एक हीटर असतो, तो तापताना क्षणभर सातशे-आठशे वॅट, कधी त्याहून जास्त खेचतो. तुमच्या ६०० व्हीएच्या यूपीएसची ताकद वॅटमध्ये मोजली तर साधारण ३६० आहे (व्हीए आणि वॅट एक नव्हेत, असल्या लहान यूपीएसमध्ये व्हीएच्या साठ टक्के वॅट धरायचे, मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं). म्हणजे लाईट गेल्यावर कोणी प्रिंट दिली की यूपीएस ओव्हरलोड होऊन बसणारच, बॅटरी नवी असली तरी. जूनच्या त्या संध्याकाळी प्रिंटर चालू होता का, आठवून बघा. प्रिंटर सरळ भिंतीवर. लाईट नसताना दोन-चार पावत्या छापायच्याच असतील तर पुढेमागे एखादा इंक टँकवाला प्रिंटर घ्या, तो दहा-पंधरा वॅटमध्ये भागवतो, तो खुशाल यूपीएसवर लावा.

आता दुकानदाराचे २ केव्हीए. यात सगळेच फसतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. व्हीए हा नळ आहे आणि बॅटरीचे एएच ही टाकी. नळ मोठा लावला म्हणून टाकीतलं पाणी जास्त दिवस पुरत नाही. तुमचा साधा डेस्कटॉप समजा ऐंशी-शंभर वॅट, स्क्रीन वीस, राउटर दहा, सगळं मिळून १३० धरू, तर नळ तुम्हाला ६०० व्हीएचाच भरपूर झाला. राहिली टाकी. १२ गुणिले ७ म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास, म्हणजे वाटतं अर्धा तास तरी चालेल. तसं होत नाही, कारण बॅटरीवर लिहिलेले ७ एएच हे वीस तासांत सावकाश काढले तर मिळतात, धबाधबा उपसायला गेलं की तीच बॅटरी निम्मंच देते. तुमच्या लोडवर नव्या बॅटरीचे साधारण पंधरा मिनिटं मिळतील. दोन बॅटऱ्या असलेला १ केव्हीएचा यूपीएस असेल तर मात्र दुप्पट नाही, त्याच्याही थोडी वर, अर्धा-पाऊण तास मिळतो, कारण प्रत्येकीवरचा ताण निम्मा होतो. तेव्हा दुकानदाराला "किती केव्हीए" हे विचारूच नका, विचारा आत बॅटऱ्या किती आणि किती एएचच्या, आणि १३० वॅटवर किती मिनिटं ते बिलावर लिहून देतोस का. चार तास म्हणणारा तिथेच चाचरेल.

वायरमनची युक्ती सगळ्यात स्वस्त दिसते आणि सगळ्यात वाईट आहे. लहान यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर आणि आतले ट्रान्झिस्टर दहा-पंधरा मिनिटं काम करून गार व्हायचं अशा बेताने बनवलेले असतात, बऱ्याच यूपीएसना पंखाही नसतो. त्याला बाहेरून मोठी बॅटरी लावली की तो बिचारा तासनतास चालत राहतो आणि तापत राहतो, त्याला थांबवणारी छोटी बॅटरी होती तीच आपण काढून टाकलेली. शिवाय त्याचा चार्जर अँपिअरभराचा, त्याने शंभर एएचची बॅटरी भरायला चार-पाच दिवस अखंड लाईट पाहिजे, ती तुमच्याकडे असती तर तुम्ही पत्रच लिहिलं नसतं. आणि गाडीची बॅटरी गाडी सुरू करताना क्षणभर जोर लावायला असते, रोज पूर्ण उपसायला नाही, ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि तुमच्या पडवीत संध्याकाळी दिवाबत्ती होत असेलच. वायरमनला दुखवू नका, अर्थिंगचं काम त्याच्याकडूनच करून घ्यायचंय, पण ह्याला नाही म्हणा.

यजमानांचं म्हणणं तुम्ही पत्रात जरा तक्रारीच्या सुरात लिहिलंय पण चौघांत त्यांचंच मला सगळ्यात पटलं, "यंदा नाही" हेसुद्धा. छप्पर गळत असेल तर खालचा कॉम्प्युटर आणि यूपीएस दोन्ही त्याच्याच भरवशावर आहेत की. तासनतास बॅकअप पाहिजे असेल तर ते काम इन्व्हर्टरचंच. दीडशे एएचची ट्युब्युलर (इन्व्हर्टरला लावतात ती मोठी) बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, दोन पंखे, दोन दिवे आणि तुमचा कॉम्प्युटर धरून तीनेक तास सहज निघतात. बॅटरीसकट वीस-पंचवीस हजार जातील. घ्याल तेव्हा साईन वेव्हचाच, म्हणजे महावितरणच्या लाईटसारखी गुळगुळीत वीज देणाराच घ्या, स्क्वेअर वेव्हवर पंखे घरघरतात आणि मागे जोडलेला यूपीएस ती लाईट मान्यच करत नाही, लाईट असून स्वतःच्या बॅटरीवर जात राहतो. अनेक इन्व्हर्टरच्या मागे एक बारका खटका असतो, यूपीएस मोड आणि दुसरा नॉर्मल नाहीतर वाइड लिहिलेला. नॉर्मलवर असला की लाईट गेल्यावर बदलायला वेळ लावतो आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो, लोक वर्षानुवर्षं इन्व्हर्टरला शिव्या देतात आणि खटका चुकीच्या बाजूला असतो. पण यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज जरा खाली आलं तरी तो बॅटरीवर जातो, आणि तुमच्याकडे संध्याकाळी दिवे मंद होत असतील तर बॅटरी त्यातच संपेल. अशा गावात इन्व्हर्टर वाइडवर आणि कॉम्प्युटरपुरता हा तुमचा छोटा यूपीएस मध्ये, ही जोडी चांगली चालते, म्हणून आहे तो भंगारात काढू नका. इन्व्हर्टरची बॅटरी झोपायच्या खोलीत किंवा गॅसजवळ नको, हवा खेळती पाहिजे, आणि दर तीन-चार महिन्यांनी पातळी बघून डिस्टिल्ड वॉटर, नळाचं किंवा विहिरीचं नाही.

भाच्याचं म्हणणंही टाकाऊ नाही. लॅपटॉप म्हणजे स्वतःच्या पोटात यूपीएस घेऊन आलेला कॉम्प्युटर, लाईट गेल्याचं त्याला कळतही नाही. डेस्कटॉप पाच-सात वर्षांचा झाला असेल आणि तसाही बदलायचा असेल तर लॅपटॉपच घ्या, हवा तर मोठा स्क्रीन आणि तुमच्या सवयीचा कीबोर्ड बाहेरून जोडा. पण चांगला चालणारा डेस्कटॉप नुसता लाईटसाठी काढून टाकू नका.

आणि आता जो प्रश्न या चौघांपैकी कोणीच विचारला नाही तो मी विचारतो. लाईट गेल्यावर तुमचं इंटरनेट किती वेळ राहतं? तुमचं निम्म्याहून जास्त काम ऑनलाइन फॉर्मचं. गावातला केबलवाला तुम्हाला जी लाईन देतो तिच्या वाटेत कुठेतरी त्याची पेटी असते, कोणाच्या तरी घरात नाहीतर खांबावर, आणि तिला लाईट लागत असेल तर ती तुमच्याबरोबरच जाते. मग तुमचा कॉम्प्युटर चार तास सुरू राहिला काय आणि चार दिवस राहिला काय, फॉर्म पुढे सरकणार नाही. पुढच्या वेळी लाईट गेली की घड्याळ लावून बघा: राउटर यूपीएसवर असताना नेट किती मिनिटं टिकतं, आणि मोबाईलचं नेट किती टिकतं. मोबाईलच्या टॉवरला बॅटऱ्या असतात, तो सहसा जास्त वेळ टिकतो, म्हणून मोबाईलचा हॉटस्पॉट कॉम्प्युटरला जोडायचा सराव लाईट असतानाच करून ठेवा, ऐनवेळी पासवर्ड शोधत बसायला नको. राउटरसाठी वेगळा बारका डीसी यूपीएस मिळतो, तळहाताएवढा, तो घ्यायचा तर आधी राउटरच्या ॲडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलेत ते बघा, बहुतेकांवर १२ असतात पण ९ चे आणि ५ चेही असतात, चुकीचा लावला तर राउटर गेला. ही दोन उत्तरं हातात आल्याशिवाय इन्व्हर्टरवर एक रुपया घालू नका.

त्या मुलीच्या फॉर्मचं मला मनापासून वाईट वाटलं, तुमच्यासाठीही आणि तिच्यासाठीही. पण तो दिवस यूपीएसने वाचला असता का, हे नक्की सांगता येत नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी साईटही रडत असते, ओटीपी येत नाही, पैसे कापले जातात आणि पावती निघत नाही. लाईट हे त्यातलं एकच. लाईट महावितरणची गेली, तुम्ही घालवली नाही, आणि हे त्या वडिलांनाही आतून माहीत असणार. तुम्ही एवढंच करू शकता की पडवीत एक पाटी लावा, शेवटच्या दोन दिवसांत आलेल्या फॉर्मची हमी नाही, आणि ज्यांना देता येईल त्यांना आधीच फोन करा की तारीख जवळ आलीय. टायपिंगचं काम असेल तर दर परिच्छेदाला कंट्रोल एस, ह्याला बॅटरी लागत नाही. आणि यूपीएसला मागे यूएसबीचं भोक असेल तर ती केबल कॉम्प्युटरला जोडा, बॅटरी संपत आली की कॉम्प्युटर आपला आपण नीट बंद होतो, लॅपटॉपसारखा.

तर तुमच्यासाठी क्रम असा: अर्थिंग, मग यूपीएस कपाटाबाहेर आणि प्रिंटर भिंतीवर, मग आहे त्याच यूपीएसला नवी बॅटरी. बॅटरी १२ व्होल्ट ७ एएचच, ७.२ चालेल, त्याहून मोठी नको. दुकानात वर्षभर पडून राहिलेली "नवी" बॅटरी अर्धी मेलेलीच असते, म्हणून बनवल्याची तारीख बघा आणि मीटर लावायला सांगा, साडेबाराच्या खाली दाखवत असेल तर दुसरी मागा. वॉरंटीचं बिल घ्या, जुनी बॅटरी परत द्या, वजनावर पैसे मिळतात आणि २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकल करवायची जबाबदारी बनवणाऱ्यांवरच टाकलीय. भंगारवाल्याला नको, तो ॲसिड ओढ्यात ओततो. नवी बसवली की पहिल्यांदा रात्रभर चार्ज होऊ द्या आणि तिच्यावर मार्करने तारीख लिहा. नव्या बॅटरीवरही पंधरा मिनिटं निघाली नाहीत तर मग यूपीएसच बिघडलाय असं समजा आणि तेव्हा दोन बॅटऱ्यांचा १ केव्हीए लाईन इंटरॅक्टिव्ह घ्या, तो व्होल्टेज कमी-जास्त झालेलंही थोडं सावरून घेतो. ऑनलाइन यूपीएस म्हणून अजून एक महागडा प्रकार दुकानदार दाखवेल, तो दवाखान्याच्या मशीनला आणि सर्व्हरला ठीक आहे, पडवीत त्याच्या पंख्याचा आवाजच डोक्यात जाईल. हे वाचणाऱ्यांत कोणाकडे गेमिंगचा नाहीतर व्हिडिओ एडिटिंगचा भारी पीसी असेल त्यांनी मात्र साईन वेव्हचाच यूपीएस बघावा, नव्या एसएमपीएसना स्वस्त यूपीएसची ओबडधोबड वेव्ह कधीकधी मानवत नाही.

दर तीन महिन्यांनी टेस्ट करायची, काम सेव्ह करून भिंतीवरचं बटण बंद करायचं आणि मिनिटं मोजायची. प्लग ओढून टेस्ट नाही करायची, प्लग निघाला की अर्थिंगही निघतं, आणि प्लग हातात असला तरी यूपीएसच्या मागच्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतातच, लहान मुलं आजूबाजूला असतील तर हे त्यांच्याही कानावर घाला. मिनिटं निम्म्यावर आली की समजायचं बॅटरी बदलायची वेळ झाली, टूं टूं व्हायची वाट बघायची नाही.

मे २०२१ च्या तौक्ते वादळासारखं काही आलं की मात्र यातलं काहीच पुरत नाही, तेव्हा सगळे प्लग काढून ठेवायचे आणि लाईट आल्या आल्या लगेच लावायचे नाहीत, दिवे नेहमीपेक्षा लखलखीत दिसत असतील तर अजिबात नाही, तो न्यूट्रल तुटल्याचा रंग असतो. शेजारच्यांचे दिवे बघा, पंधरा मिनिटं थांबा.

वायरमन मीटर लावून गेला की न्यूट्रल-अर्थिंगमध्ये किती व्होल्ट आले तेवढं कळवा, आणि तोपर्यंत कॉम्प्युटरला हात लावताना पायात रबरी चप्पल असू द्या.